एका थाळीची खानावळ

नेमसिंग आडे कुठल्याही खानावळीत शिरण्याआधी दारासमोर उभा राही आणि आतून बाहेर येणारी तीन माणसं बघे. आत जाणाऱ्यांकडे तो लक्ष देत नसे. आत जाणारा भुकेला असतो आणि भुकेल्या माणसाच्या तोंडावरून खानावळीचं काही कळत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. बाहेर येणारा पायरीवर थोडा थांबला, सुपारीसाठी खिसा चाचपू लागला, रस्त्याकडे उगीच बघत राहिला, तर खानावळ चांगली. तोंड पुसत सरळ चालू लागला, तर तिथं पोट भरतं, पण जेवण होत नाही. तिसरा माणूस बाहेर येईपर्यंत सोबतची मंडळी उन्हात पाय बदलत उभी राहत. कोणी कुरकुरलाच तर नेमसिंग विचारी, बैल घेताना दात पाहतोस की नाही?

तो पुसदपासून चार कोसांवरच्या एका बंजारा तांड्यावरचा. सात एकर जमीन, तिच्यात कापसाची पऱ्हाटी आणि तूर. त्याच्या पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा मुलूख पालथा घातला होता. मग रेल्वे आली, बैलांवरची ओझी उतरली आणि माणसं जिथं उतरली तिथंच राहिली. नेमसिंगच्या बापाला पुसदच्या पलीकडचं जग ठाऊक नव्हतं. नेमसिंग मात्र विशीत नागपूरला गेला. तिथं एका कापडगिरणीच्या गोदामात त्यानं पाच वर्षं गाठी उचलल्या. बाप गेला तेव्हा परत आला आणि शेत धरलं.

पुढच्याच वर्षी, छप्पन साली, राज्य बदललं. राजधानी मुंबईला गेली. पण मोठं कोर्ट आणि मोठा दवाखाना नागपुरातच राहिला, त्यामुळे तांड्यापुरतं नागपूरचं महत्त्व कमी झालं नाही. ज्याला नागपूरला जायचं असेल तो नेमसिंगला सोबत नेई. त्याचं तिकीट आणि जेवण नेणाऱ्याकडे. दुसऱ्याच्या जिवावर जेवायचं तर निदान जेवण कुठं करायचं ते तरी नीट सांगावं, एवढ्या साध्या भावनेतून त्यानं खानावळी पारखायला सुरुवात केली.

पारखण्याच्या त्याच्या रीती होत्या. पाणी मागण्याआधी येतं की मागितल्यावर, हे तो बघे. वाढप्याचा अंगठा वरणात बुडतो का ते बघे. उष्ट्या ताटांची रास कुठं लावली आहे आणि तिच्यावर माशा किती, हे बघे. पण सगळ्यात जास्त तो ऐके. चांगल्या खानावळीत जेवणारे फार बोलत नाहीत आणि गप्पही नसतात, एक बारीक गुणगुण असते. जिथं ताटांचाच आवाज जास्त तिथं तो पुन्हा जात नसे.

तांड्यावर परतल्यावर संध्याकाळी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या मुखियाच्या, ओट्यावर त्याला विचारणा होई. कोर्टात काय झालं हे नंतर. आधी, जेवले कुठं? मग नेमसिंग सांगे. सीताबर्डीवरच्या बासात, म्हणजे मारवाडी खानावळीत, फुलके असे की फुंकलं तर उडतील, पण तूप खरं. कॉटन मार्केटजवळच्या खानावळीत भात कालचा, वरण आजचं. सदरमधल्या एका खानावळीत वाढपी तिसऱ्यांदा विचारायला येतो आणि तेही न चिडता. ज्यांनी जन्मात नागपूर पाहिलं नव्हतं अशा म्हाताऱ्या बायकासुद्धा या खानावळींची नावं घेऊन भांडत. बसंतीबाई नावाची एक आंधळी म्हातारी तर सदरच्या वाढप्याची तब्येत विचारी.

पण नागपूरच्या खानावळीत पहिल्यांदा बसला तेव्हा नेमसिंगची जी फजिती झाली, ती त्यानं ओट्यावर फार उशिरा सांगितली.

गिरणीत असताना तो खोलीवर भाकरी थापून खाई, त्यामुळे खानावळीची रीत त्याला माहीत नव्हती. सत्तावन साली तो तिघांना घेऊन दवाखान्याच्या कामासाठी गेला. दुपारी चौघं एका खानावळीत बसले आणि त्यानं एक थाळी मागवली. तांड्यावर पुरुष एकाच थाळीत जेवतात. मोठी काशाची थाळी, भोवती चार-पाच जण, प्रत्येकानं आपल्या बाजूनं खायचं, समोरच्याच्या हद्दीत हात घालायचा नाही, आणि वडील माणूस उठल्याशिवाय कोणी उठायचं नाही. थाळी आली तशी चौघं तिच्याभोवती वाकले. मालक गल्ल्यावरून उठून आला आणि म्हणाला, एका थाळीत चौघं बसवायला ही धर्मशाळा नाही. नेमसिंग म्हणाला, चौघांचे पैसे देतो. मालक म्हणाला, मग चार थाळ्या घ्या.

नेमसिंगला खरोखर कळेना. तो म्हणाला, "येगयेगळ्या थाळ्या कायले? आमचं काय भांडन झालं हाये काय?"

आजूबाजूचे लोक हसले. एक जण म्हणाला, एकमेकांचं उष्टं खाणारी माणसं आपल्या शेजारी नकोत. शेवटी चार थाळ्या आल्या. चौघं भिंतीकडे तोंड करून जेवले. परतीच्या गाडीत यवतमाळ येईपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही. खरंच भांडण झाल्यासारखं वाटत होतं, असं नेमसिंग सांगे, आणि कोणाचं ते कळत नव्हतं.

त्यानंतर नागपुरात तो वेगळी थाळी घेऊ लागला. शहरात लाज वाटू नये म्हणून शहराचं करायचं. सोबतच्यांनाही तो गाडीतच सांगून ठेवी की तिथं आपल्या गोरबोलीत मोठ्यानं बोलू नका, वऱ्हाडीत बोला, आणि थाळी आपापली घ्या.

अठ्ठावन साली तांड्यावरच थाळी फुटली. धावजी राठोड आणि पूनमसिंग राठोड हे चुलतभाऊ. धावजी थोरला, नेमसिंगची बहीण रुपीबाई त्याला दिलेली. पूनमसिंग आठ वर्षांनी लहान, नेमसिंगचा लहानपणापासूनचा जोडीदार. दोघांची शेतं लागून, आणि मध्ये आजानं खोदलेली एक विहीर, बांधापासून दोन हात धावजीकडे. आजा असेपर्यंत एक दिवस याची मोट, एक दिवस त्याची. आजा गेल्यावर एका उन्हाळ्यात पाणी आटलं आणि पाळीवरून बोलाचाली झाली. पूनमसिंगनं धावजीचा सोंदूर, मोटेचा खालचा दोर, कापला की तो आपोआप तुटला, हे आजही कोणी सांगत नाही. पुसदच्या कोर्टानं विहीर दोघांची म्हटलं. यवतमाळच्या कोर्टानं धावजीची म्हटलं. पूनमसिंग नागपूरला गेला. शेवटचा निकाल लागेपर्यंत विहिरीवर कोणीच मोट लावायची नाही असा मनाई हुकूम पहिल्या दाव्यापासूनच होता. सहा वर्षं ते पाणी तसंच पडून राहिलं, वर हिरवी साय धरून, आणि दोन्ही बाजूंची शेतं कोरडी.

तांड्यावरच्या लग्नात, होळीत, सगळीकडे आता दोन थाळ्या मांडाव्या लागत. एकीत धावजी आणि त्याच्या बाजूचे, दुसरीत पूनमसिंग आणि त्याच्या बाजूचे. नेमसिंग पाहुणा असल्यासारखा आधी एकीत अर्धा जेवे आणि मग दुसरीत जाऊन बसे. त्याच्या पोटाला त्रास होत नसे. पण एकदा नायकानं सगळ्यांदेखत त्याला विचारलं, नेमसिंग, तू दोन ठिकाणी जेवतोस की एकाही ठिकाणी नाही? 

नागपूरच्या तारखांना दोघं भाऊ जात आणि दोघांनाही नेमसिंगच लागे, कारण दोघांचाही दुसऱ्या कोणाच्या खानावळीवर विश्वास नव्हता. एकाच गाडीत एक पुढं, एक मागं. खानावळीत एक या टोकाला, एक त्या टोकाला. नेमसिंगला आता खानावळ निवडताना आणखी एक गोष्ट बघावी लागे: ती पुरेशी लांब आहे की नाही.

चौसष्टच्या फेब्रुवारीत अशीच एक तारीख होती. सकाळी जजसाहेबांनी कागद चाळून दोन्ही वकिलांना विचारलं की एवढ्याशा विहिरीसाठी ही माणसं अजून किती वर्षं येणार आहेत. वकिलांनी बाहेर येऊन आपसात बोलणं केलं. मग दोघा भावांना झाडाखाली बोलावलं. एक दिवस याचं पाणी, एक दिवस त्याचं, दुरुस्तीचा खर्च अर्धा अर्धा. सहा वर्षांपूर्वी जे होतं तेच. धावजी म्हणाला, मले चालते. पूनमसिंगही म्हणाला, चालते. कारकुनानं कागद टंकून आणला. कोर्ट मधल्या सुट्टीसाठी उठलं होतं. अडीच वाजता पुन्हा बसलं की लगेच कागद द्यायचा, आज राहिलं तर पुढची तारीख पावसाळ्यानंतर, असं वकिलांनी सांगितलं.

धावजीनं लेखणी हातात घेतली आणि खाली ठेवली.

"जेवल्यावर," तो म्हणाला.

वकिलांना वाटलं त्याला भूक लागली आहे. ते म्हणाले, अरे सही कर आणि मग पोटभर जेव. पण पूनमसिंगनंही मान हलवली. तोही म्हणाला, जेवल्यावर. तेव्हा नेमसिंगला समजावून सांगावं लागलं. तांड्याची रीत अशी की भांडलेली दोन माणसं मिटवतात ती एका थाळीत जेवून. मध्यस्थानं त्यांच्यासोबत त्याच थाळीत बसायचं. जेवण झालं की झालं, मग कोणाला फिरता येत नाही. कागदावर सही करून माणूस फिरलेला त्यांनी पाहिला होता, पुसदलाही आणि यवतमाळलाही. थाळीवरून उठून फिरलेला कोणी पाहिला नव्हता.

वकील म्हणाले, मग तांड्यावर जाऊन जेवा, कोण नको म्हणतं? आता सही करा.

धावजी म्हणाला, "साहेब, तांडा दोन दिवसाच्या वाटेवर हाये. दोन दिवस मन कोनाचं राह्यते? माहं नाई राह्यत. याचंबी नाई राह्यनार."

पूनमसिंग त्याच्याकडे न बघता म्हणाला की हे मात्र खरं बोलला.

एक वाजून गेला होता. वकिलांनी नेमसिंगला सांगितलं, घेऊन जा, काय खायचं ते खाऊ घाल आणि अडीचच्या आत आण. नेमसिंगनं मान डोलावली. इतकी वर्षं तो नागपूरच्या खानावळी पारखत होता. पण एका थाळीत तिघांना बसू देणारी खानावळ कोणती, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. तो ते पाहायचं टाळत आला होता.

आधी तो सदरमधल्या त्याच्या पहिल्या नंबरच्या खानावळीत गेला. या वेळी दारासमोर थांबला नाही. मालक ओळखीचा, नमस्कार करणारा. नेमसिंगनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, तीन जेवणांचे पैसे, थाळी एक, कोपऱ्यात बसतो. मालकानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला की तुम्हाला मी काही म्हणत नाही, पण माझी गिऱ्हाइकं उठून जातील, त्यात महिनेवारीवाले आहेत. तो रागावला नव्हता. आपला तो न चिडणारा वाढपीही तिथंच उभा होता आणि तोही न चिडताच ऐकत होता. नेमसिंगला वाटलं, सात वर्षं आपण या जागेची एकच बाजू पाहिली.

मग त्याला सीताबर्डीवरचं एक नवं हॉटेल आठवलं. तिथं पडदे लावलेल्या छोट्या खोल्या होत्या, बायामाणसांसोबत येणाऱ्यांसाठी. पडद्याआड कोण बघतं. सायकलरिक्षात तिघं मावत नव्हते. दोघं भाऊ एका रिक्षात बसले, सहा वर्षांत पहिल्यांदा इतके जवळ, आणि दोघांनीही तोंडं बाहेरच्या बाजूला ठेवली. नेमसिंग मागच्या रिक्षात. वाटेत तो त्यांच्या पाठी बघत होता. खड्डा आला की त्या पाठी एकमेकींवर आपटत आणि पुन्हा दूर होत.

पडद्याच्या खोलीत टेबलाला काच होती. पोरगेल्या दिसणाऱ्या पण मिशीवाल्या वाढप्यानं तीन थाळ्या लिहून घेतल्या. नेमसिंगनं एकच सांगितली. तो म्हणाला, इकडे राइस प्लेट आहे, ती माणशी असते. बरीच हुज्जत झाल्यावर एक आली. ती त्या वेळी नुकत्याच निघालेल्या खणांच्या थाळ्यांपैकी होती. भाताचा खण वेगळा, उसळीचा वेगळा, लोणच्याला एक टिचभर कोपरा, आणि मध्ये उभ्या स्टीलच्या भिंती.

तिघं तिच्याकडे बघत राहिले.

पूनमसिंग म्हणाला, "हे त बांध घालूनच आनलं."

धावजी हसला. हसू येऊन गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण कोणाच्या बोलण्यावर हसलो, आणि त्यानं पुन्हा तोंड बंद केलं. या थाळीत जेवण मोजायचं नाही, यावर दोघांचं एकमत होतं. ते न जेवता उठले तेव्हा वाढप्यानं पडदा धरून टोमणा मारला, बाजारात झाडाखाली बसा, तिथं पत्रावळ मिळते. नेमसिंगनं थाळीचे पैसे दिले. बाहेरच्या घड्याळात दोन वाजत होते.

पूनमसिंग पायरीवर बसला. म्हणाला, नेमसिंग, राहू दे, हे होनं नाई दिसत. धावजीनं धोतराचा सोगा झटकला, जशी माणसं निघताना झटकतात. नेमसिंगला ते दिसलं. आता परत कोर्टात गेलो तर हे दोघं वेगवेगळ्या दारांनी आत जातील, हे त्याला कळलं.

उरली होती जमनाबाई. गोळीबार चौकाच्या मागं, कोष्ट्यांच्या गल्लीत तिची एक खोली होती. पाटी नाही, बाक नाही. शेजारच्या घरांतून दिवसभर मागांची खटखट. तीन वर्षांपूर्वी नेमसिंग तिथं दारासमोर उभा राहिला होता. बाहेर आलेली तिन्ही माणसं नाक आणि डोळे पुसत आली, हात धुवायला जागा नव्हती म्हणून गटारीशी वाकली, आणि त्यानं ओट्यावर जाहीर करून टाकलं की असलं ठिकाण बैलालाही दाखवू नये. आत तो कधी गेलाच नव्हता.

ते पोचले तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली असतील. जेवणारे उठून गेले होते. जमनाबाई चुलीपुढं बसून राख ओढत होती. काळी, हाडकुळी, पन्नाशीची बाई. नेमसिंगनं दारातूनच विचारलं, बाई, काही आहे का?

"तर्री हाये, बोट्या आठ-दहा. भाकरी हायेत." तिनं मागं बघितलं. "थाळ्या समद्या घासाच्या पडल्या. परातीत खाता काय?"

नेमसिंग म्हणाला, खातो.

ती कणकेची परात होती, पितळेची, एका बाजूला चेपलेली. जमनाबाईनं ती फडक्यानं पुसून शेणानं सारवलेल्या जमिनीवर ठेवली आणि तिच्यात मटणाचा रस्सा ओतला. तिघं तिच्याभोवती बसले. धावजी थोरला म्हणून भिंतीकडे, पूनमसिंग त्याच्या समोर, नेमसिंग मध्ये. जमनाबाईनं एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"कशावरून होतं?" तिनं विचारलं.

"हीरीवरून," नेमसिंग म्हणाला.

ती म्हणाली की आमच्यात मागावरून होते. आणि भाकरी आणायला वळली.

जमीन उतरती होती. परातीतला रस्सा हळूहळू सरकला आणि सगळा पूनमसिंगच्या बाजूला जाऊन साचला. वर लाल तेल, खाली बोट्या. धावजीपुढं नुसतं ओलं पितळ राहिलं. भाकरी आल्या, पण कोणी मोडेना. नेमसिंग सांगे की त्या वेळी त्याला खूप गोष्टी बोलता आल्या असत्या. तो बोलला नाही. मध्यस्थानं थाळीवर बोलायचं नसतं. धावजी आपल्यापुढच्या कोरड्या जागेकडे बघत होता. असंच एकदा त्यानं उन्हाळ्यात विहिरीचा तळ पाहिला होता.

पूनमसिंगनं मागं हात नेला. चुलीजवळ कोळशांची टोपली होती. तिच्यातला एक कोळसा त्यानं उचलला, स्वतःच्या बाजूनं परात जराशी वर केली आणि कोळसा खाली सरकवला. रस्सा परत फिरला. तो संथपणे धावजीकडे वाहत गेला आणि आता पूनमसिंगपुढं पितळ उघडं पडलं.

धावजीनं ते पाहिलं.  मग त्यानं हात घालून तो कोळसा काढला, जमिनीवर आपटून त्याचे दोन तुकडे केले, धाकटा तुकडा पुन्हा खाली लावला आणि परात हलवून पाहिली. रस्सा मध्ये राहिला.

"मोड," तो म्हणाला.

"तू मोठा हायेस," पूनमसिंग म्हणाला. "तू मोड."

धावजीनं भाकरी मोडली.

ते सावकाश जेवले. जमनाबाईच्या तिखटानं तिघांच्याही नाकाडोळ्यांना पाणी आलं, तेव्हा कोणाचं पाणी कशाचं ते वेगळं काढायची सोय नव्हती. जमनाबाई आणखी दोनदा रस्सा ओतून गेली. नेमसिंगला बाहेरच्या उन्हावरून कळत होतं की अडीच होऊन गेले. त्यानं वकिलांना शब्द दिला होता. पण थोरला उठल्याशिवाय उठायचं नाही, आणि धावजी उठत नव्हता. तो एक नळी घेऊन बसला होता, ठोकून ठोकून आतला मगज काढत. तो निघाल्यावर त्यानं तो परातीत पूनमसिंगच्या बाजूला झटकला आणि पुढची भाकरी मागितली. नेमसिंगनं एकदा दाराकडे पाहिलं. मग त्यानंही भाकरी मागितली.

ते कोर्टात पोचले तेव्हा साडेतीन होत होते. वकील दुसऱ्या एका कोर्टापुढं उभे होते. कारकून भेटला. तो म्हणाला, तुमचं पुकारलं, कोणी नव्हतं, पुढची तारीख पडली. थांबा, साहेब आले की सही तरी करून जा. यवतमाळची गाडी चारला होती. धावजी म्हणाला, आता सही कशाची? साहेबांना सांगा, आमचं मिटलं. कारकून म्हणाला, असं मिटत नाही हो. धावजीला तो माणूस बरा वाटला, पण अडाणी. गाडीत दोघं भाऊ एका बाकावर बसले आणि बाभूळगाव येईपर्यंत झोपले.

तांड्यावर पोचले त्या संध्याकाळी नायकाच्या ओट्यावर नेमसिंगला विचारणा झाली. त्यानं जसं होतं तसं सांगितलं. रस्सा खारट होता. हात धुवायला अजूनही जागा नाही. भाकरी मात्र चांगली. कोणाला फार अडचण असेल तर जावं, एरवी सदरलाच जावं. बसंतीबाईनं विचारलं की मग सदरचा तो वाढपी बरा आहे ना? नेमसिंग म्हणाला, बरा आहे.

विहिरीची साय काढली गेली. मोटेला नवे दोर लागले, नाडा आणि सोंदूर दोन्ही. मनाई हुकूम अजून उठलेला नव्हता, पण तो मोडतो आहोत हे तांड्यावर कोणाच्या डोक्यात आलं नाही. ज्या भांडणासाठी तो होता ते भांडणच संपलं होतं. वकिलांची दोन पत्रं आली. सही करायला या, नाहीतर कोर्ट आपल्या मतानं निकाल देईल. पहिल्या पत्राला नेमसिंगनं शाळामास्तरांकडून कार्ड लिहून घेतलं: दोघे एका थाळीत जेवले, मिटले आहे, कळावे. दुसऱ्याला त्यांनी उत्तर दिलं नाही. एकदा सांगितलेलं पुन्हा कायले सांगायचं, असं पूनमसिंगचं म्हणणं पडलं.

पासष्ट साली पाऊस दगा देऊन गेला. त्या वर्षी डिसेंबरात निकालाचा कागद आला. नेमसिंगनं तो पुसदला दोघांकडून वाचून घेतला, कारण पहिल्यानं वाचलं त्यावर त्याचा विश्वास बसला नाही. आजाच्या काळच्या वाटणीपत्रात विहीर पूनमसिंगच्या बापाच्या हिश्शात लिहिलेली निघाली होती. अपील मंजूर. विहीर एकट्या पूनमसिंगची.

कागद घेऊन तो पूनमसिंगच्या घरी गेला आणि सांगितलं. पूनमसिंगनं कागद उलटा-सुलटा करून पाहिला. त्याचा मोठा मुलगा देवीलाल दारात उभा होता. दोघांचा गहू सुकत चालला होता आणि विहिरीत एका शेतापुरतंच पाणी उरलं होतं, हे तिघांनाही माहीत होतं. देवीलाल म्हणाला, बापू, आता त कोर्टानंच देल्ली. सात-आठ वर्षं कायच्यासाठी हिंडलो मग? पूनमसिंगनं कागदाची घडी घातली.  नेमसिंग उठून धावजीकडे गेला आणि त्यालाही सांगितलं, कारण एकालाच सांगणं म्हणजे पुन्हा एका बाजूला बसणं. रुपीबाई चुलीपुढं होती. तिनं भावाकडे पाहिलं आणि विचारलं, उद्या आमची पाळी हाये, बैल न्यावं का नाई? 

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो विहिरीवर गेला. त्याचं तिथं काही काम नव्हतं. पूनमसिंग आधीच आला होता. त्याचे बैल त्याच्याच बांधावर, जुवाशिवाय, कडबा खात होते. मोट थारोळ्याशी, ती ओततात त्या हौदाशी, पडलेली. पूनमसिंग विहिरीच्या काठावर बसून खाली बघत होता, पाणी किती आहे ते.

थोड्या वेळानं धावजी आला. बैल सोबत होते, पण त्यानं ते बांधापलीकडे दहा हातांवर थांबवले आणि दोर हातात धरून उभा राहिला. पुढं आला नाही. हे विचारायचं की विचारायचं नाही, ते त्याला ठरवता येत नव्हतं. बैलांच्या तोंडातून वाफ निघत होती.

पूनमसिंग उठला. त्यानं मोट उचलून थारोळ्याच्या कडेला नीट ठेवली, नाडा सोडवला आणि त्याचं टोक धावजीच्या बाजूला टाकलं.

"भिया," तो गोरबोलीत म्हणाला, "आज तार पाळी छ."

आपल्या पाळीसाठी धावजीनं बैल पुढं घेतले. पाणी खोल गेलं होतं, त्यामुळे पहिली मोट वर यायला वेळ लागला आणि ती अर्धीच भरून आली.